कुंदाचा कापलेला फोटो

कुंदाच्या बॅनरवरचा फोटो मी काढलाय. आणि ज्यांनी तो छापला, त्यांनीच एकदा मला तो डिलीट करायला लावला होता.

परवा कुंदा गेली. तासगावची कुंदा, डी.एड.च्या होस्टेलमधली माझी रूममेट. हार्ट अटॅक आला, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

मला कळलं ते बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. कोणीतरी बॅनर टाकला होता. मागे निळं आकाश, ढग, दोन्ही कोपऱ्यांत कमळं. नावाखाली लिहिलंय, "शांत, सोशिक, सोज्वळ".

सोशिक? कुंदा?

पाणचट आमटीची वाटी रेक्टरबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवणारी आणि "आधी तुम्ही जेवा" म्हणणारी बाई सोशिक?

आणि फोटो बघून तर तळपायाची आग मस्तकात गेली.

कुंदाचा पुढचा एक दात अर्धा तुटलेला होता. हसू आलं की तोंडावर पदर यायचाच. तोंड न झाकता हसलेला तिचा एकच फोटो आहे. चार वर्षांपूर्वी गोराईत मी काढलेला.

नवरा गेल्यावर ती दीर-पुतण्यांच्या घरात राहायची. शाळेतून रिटायर झाली तेव्हा मी म्हटलं, ये चार दिवस बोरिवलीला, मुंबई दाखवते. ती म्हणाली, मुंबई बघून झालीय, मला वायनरी दाखव.

मी उडालेच. तर म्हणाली, घरची बाग आहे, शाळा सांभाळून जन्मभर द्राक्षांची विरळणी केली, बेदाणा वाळवला, निवडला. त्या द्राक्षांचं पुढं काय काय होतं ते एकदा बघायचंय.

पहिल्या दिवशी कान्हेरी. दोघींचे गुडघे बोंबलत होते, पण ही सगळ्या पायऱ्या चढली.

दुसऱ्या दिवशी गाडी करून नाशिकला गेलो. वायनरीतला टाय लावलेला माणूस ग्लास फिरवून वास कसा घ्यायचा ते शिकवत होता. हिनं त्याला विचारलं, वेलींची खरड छाटणी कधी करता? त्यानं शेवटी बागेतल्या माणसाला बोलावलं, आणि तो नि कुंदा तासभर वेलीपाशी गप्पा मारत उभे. बाकीचे टूरवाले वैतागले.

प्यायली मात्र थेंबभर नाही. इतक्या लोकांत नको गं, म्हणाली.

तिसऱ्या दिवशी बोटीनं गोराईला गेलो. माझ्या शाळेतल्या एका मैत्रिणीचं माहेर तिथं, ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिश्चनांचं घर. तिची आई, रेजिना आंटी, दर वर्षी नाताळसाठी घरीच वाइन करते. पहिल्यांदा आलेला पाहुणा त्यांच्याकडून कोरड्या तोंडानं जात नाही. अंगणात खुर्च्या टाकल्या, बशीत मैद्याचे गोल तळलेले फुगे आले, आणि छोट्या ग्लासांत वाइन.

कुंदानं माझ्याकडे बघितलं. मी काही बोलायच्या आत आंटी म्हणाली, "ही दारू नाय गो बाय. पाहुणचार हाय."

कुंदानं एक घोट घेतला. मग दुसरा. मग विचारलं, कशाची केलीय? आंटीनं आतून बरणी आणून पुढ्यात ठेवली. काळे मनुके.

आणि कुंदा हसली. पदर-बिदर काही नाही. हातात ग्लास, तुटका दात दिसतोय, नि खो खो हसतेय. मी फोटो काढला. संध्याकाळी तिला विचारून फेसबुकवर टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या पुतण्याचा मला फोन. निलेश. याला हिनं मांडीवर बसवून पाढे शिकवले होते. काकूंचा तो फोटो ताबडतोब काढा, गावात मान आहे आमच्या घराला, म्हणाला. स्क्रीनशॉट काढून घरात सगळ्यांना दाखवलाय, हेही वर ऐकवलं.

मान म्हणे. हळदीकुंकवाला तिला आतल्या खोलीत बसवायचे, तेव्हा कुठं गेला होता यांचा मान?

आणि आता बॅनरवर तोच फोटो! ग्लास कापला, आंटीचं अंगण कापलं, मागे ढग चिकटवले. का, तर घरात एवढी लग्नं-बारशी झाली, पण काकूचा एकटीचा धड एक फोटो कोणाकडे नाही. लाज वाटायला हवी.

एवढं लिहून थांबणार होते. पण खरं सांगायचं तर माझा राग नुसता निलेशवर नाहीये.

त्याचा फोन आला तेव्हा कुंदा माझ्याच बाल्कनीत चहा पीत बसली होती. मी तिला हाकही मारली नाही. सॉरी हां, लगेच काढते, असं म्हणून दोन मिनिटांत फोटो डिलीट केला. उगाच तिच्या घरात भांडण नको, हे माझं शहाणपण.

दुपारी तिनंच विचारलं, फोटो का दिसत नाही. तिच्या जुन्या विद्यार्थिनींनी खाली लिहिलं होतं, बाई, किती छान दिसताय. ते वाचायला ती पुन्हा पुन्हा उघडत होती.

मी झालेलं सांगितलं. ती भडकली असती तर बरं झालं असतं.

"निलेशला मी बघून घेतलं असतं गं," ती म्हणाली. "टाकताना मला विचारलंस. काढताना त्याचं ऐकलंस."

त्यानंतर मी दर वर्षी बोलावलं. फोनवर छान बोलायची, पण दर वर्षी काहीतरी अडचण निघायची. पुन्हा आली नाही.

आज पूर्ण फोटो लावतेय. ग्लाससकट, दातासकट. निलेश, फोन करू नकोस. मी उचलणार नाही.

श्रद्धांजली त्यांनी बॅनरवर छापलीच आहे, मी वेगळी लिहीत नाही.

कुंदा, तू दहा पावलांवर बसली होतीस आणि मी तुला विचारलं नाही. चुकलं माझं.