पाठमोरी खुर्ची

आमच्या केलीव्हिल उपनगरातल्या मैदानावर शनिवारी सकाळी मुलींची सॉकर मॅच असते. आम्ही आईबाप मैदानाकडे बघत बसतो. त्यातली एक आई मात्र फोल्डिंगची खुर्ची कारपार्ककडे तोंड करून मांडते आणि अधूनमधून मलाच विचारते, "माझी पळतेय ना?" मॅच बघायचीच नाही तर ही बाई येते कशाला, मला कळेचना.

एकदा न राहवून विचारलं. थर्मासचं झाकण उगाच फिरवत ती म्हणाली, "लहानपणी तिच्या हार्टचं ऑपरेशन झालंय. आता डॉक्टर म्हणतात, खुशाल पळू दे, चांगलंच आहे तिला. म्हणून पळू देते. पण तू बघत बस, असं काही ते म्हणाले नाहीत."

तेवढ्यात तिची मुलगी मैदानात मधेच खाली वाकली. लेस बांधत होती की दम लागला होता, लांबून समजेना.

"पळतेय ना गं?"

मी मान उंचावून तिच्याच मुलीकडे बघत राहिले. मुलगी उठली, बॉलमागे धावत सुटली. मग मी म्हटलं, "हो, पळतेय."

गाडीत बसताना माझ्या लेकीने विचारलं, "मम, माझा गोल पाहिलास ना?"

कुठला गोल?