माह्या पायाचा ब्रेक

वणीहून कोळसा भरून निघालो का मी पांढरकवड्याच्या टायरवाल्याकडं हवा पाह्याले थांबतो. त्याची पोरगी बाजूच्या खोलीत कॉम्प्युटरवर रेसची गाडी चालवते. बसाले ट्रकची भंगार सीट, टेबलाले कसलेलं स्टेअरिंग. बसाच्या आधी स्टेअरिंगले हात लावून पाया पडते, आम्हा डायवर लोकाईसारखी. हेडफोन एकाच कानावर लावते. मले वाटे, बापानं हाक मारली तर आयकू यावं म्हणून. नाव मी कधी इचारलं नाही.

मी मांगं स्टुलावर बसून पाहत राहो. वळण दिसलं का माहा पाय आपोआप फरशीवर आदळे, धप्प.

त्या दिवशी तिची निवडीची रेस होती. पहिल्या दोघाईले एक टीम पगारावर घेणार होती. माह्यापायी तिचं नुकसान नको म्हणून मी पाय वर घेऊन मांडी घातली. पहिल्याच वळणावर तिची गाडी मातीत गेली.

"काका, पाय खाली ठेवा," ती मांगं न पाहता म्हणे.

"काहून वो?"

"तुमचा पाय वाजला का मी एक-दोन मोजतो, मंगच ब्रेक दाबतो."

मंग म्या रेसभर फरशी बडवली. पोरगी दुसरी आली. टीमनं घेतलं.

आमच्या मालकाले सांगतलं, माह्या ब्रेकवर पोरीले नोकरी लागली.

तो म्हणे, "मंग तुलेच काहून नाही घेतलं?"

मी म्हटलं, "ते मधातलं एक-दोन मले येत नाही."