दोघींत एक पुस्तक

जून लागला की मोबाईलवर शहाणे लोक उगवतात. कॉलेजच्या पुस्तकांवरचा खर्च कसा वाचवायचा, ते हसत हसत सांगतात. जुनी घ्या, लायब्ररीतून आणा, वर्ष संपलं की विकून टाका, आणि मैत्रिणीबरोबर एक पुस्तक वाटून घ्या. हे शेवटचं आलं की माझं डोकं फिरतं. माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या दोन मुलींनी मागे हेच विचारलं, "मॅडम, दोघींत एक घेतलं तर चालते का?" आणि मी त्यांच्यावर अशी खेकसले की त्या बिचाऱ्या एकमेकींकडे बघत राहिल्या. दोघींत एक पुस्तक मीही घेतलं होतं, आणि मी पास झाले, हे त्यांना कुठे माहीत होतं?

मी दिग्रसची. बसस्टँडजवळ अब्बांचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. जिच्याबरोबर पुस्तक घेतलं ती मैत्रीण जवळच्या बंजारा तांड्यातली, रोज काळीपिवळी जीपमध्ये कोंबून घेऊन कॉलेजला यायची. बी.एस्सी.च्या पहिल्या दिवशी दोघी उशिरा आलो आणि मागचा एकच बाक रिकामा होता, एवढंच आमच्या मैत्रीचं कारण. तिच्या तांड्यातून सायन्सला आलेली ती पहिली पोरगी. घरून एका अटीवर सुटली होती, आणि ती अट तिने मला पहिल्याच आठवड्यात डबा खाता खाता सांगितली. "बा म्हणते, एक साल पाहू. पास झाली तं शिकवू, नाई तं लगन. अन् माहा बा एकदा बोलला तं बोलला." असं सांगून तिने माझ्या डब्यातलं लोणचं उचललं. तिला पास होण्याची खात्रीच होती, आणि खरं सांगायचं तर वर्गात माझ्यापेक्षा तिलाच पटकन समजायचं.

आमच्याकडे रीत अशी की सीनियरची पुस्तकं अर्ध्या किमतीत घ्यायची, खाकी कव्हर घालून वर्षभर जपायची आणि पुढच्या जूनमध्ये ज्युनियरच्या गळ्यात मारायची. एकेका पुस्तकावर चार-चार नावं असत, प्रत्येक आधीच्या नावावर काट मारलेली. आमच्या नशिबाने त्याच वर्षी अभ्यासक्रम बदलला आणि सगळी जुनी पुस्तकं रद्दी झाली. केमिस्ट्रीचं नवं पुस्तक म्हणजे वीट होती, आणि किंमत ऐकून अम्मीने दुकानदाराला दोनदा विचारलं. लायब्ररीत एकच प्रत, ती कपाटात, कपाटाची किल्ली शिपायाकडे आणि शिपाई चहाला. झेरॉक्स काढावं तर खर्च पुस्तकाच्या जवळपास जाणार. पीडीएफ कुणीतरी दिली होती, पण तिच्या घरी फोन एकच, तोही भावाचा. भाऊ संध्याकाळी घरी आल्यावरच तो तिच्या हातात पडायचा.

तेव्हा अर्धे-अर्धे पैसे घालून एकच पुस्तक घ्यायचं आणि जिल्दवाल्याकडून मधोमध कापून त्याचे दोन भाग करायचे, ही अक्कल माझी. अब्बांच्या ओळखीचे एक म्हातारे चाचा जिल्द बांधायचे. मदरशाच्या किताबी आणि उर्दू शाळेची पुस्तकं हेच त्यांचं आयुष्यभराचं काम. आम्ही समोर बसून पहिला भाग शिवून घेतला आणि तास होता म्हणून निघालो. दुसरा भाग त्यांनी मागून एकट्याने शिवला. संध्याकाळी घ्यायला गेलो तर त्यांनी मोठ्या अभिमानाने दोन्ही भाग एकमेकांवर ठेवून दाखवले. "एकदम बराबर काटा, बेटा. झगडा नहीं होना." बराबर म्हणजे इतकं बराबर की धडाच काय, एक वाक्यसुद्धा मधोमध तुटलं होतं. आणि दुसऱ्या भागाची शिलाई उजव्या बाजूला! उर्दू किताबीला असते तशी. साठ वर्षं एकाच बाजूने चाललेला हात, तो इंग्रजी पुस्तकाला थोडाच विचारणार? पुस्तक उलटीकडून उघडायचं, आणि दर दुसऱ्या पानावर ओळींच्या शेवटची अक्षरं शिलाईत गेलेली.

चाचांचा चेहरा पडला. पुन्हा शिवून देतो म्हणाले, पण पुन्हा कापलं तर अक्षरं आणखी गेली असती. रस्त्यावर आल्यावर मात्र आम्ही पोट धरून हसलो. तिने तिथेच दोन्ही भागांची नावं ठेवली, सुलटं आणि उलटं.

दर शनिवारी बसस्टँडवर अदलाबदल ठरली. तिची जीप लागायच्या आधी उलटं तिच्याकडून माझ्याकडे, सुलटं माझ्याकडून तिच्याकडे, आणि पुढच्या शनिवारी परत फिरवायचं. उलटं वाचायला दुप्पट वेळ लागायचा. एका ओळीतला 'नॉट' शिलाईत गेला होता, तर आम्ही आठवडाभर तो नियम बरोबर उलटा पाठ केला. कंटाळून दोघींनी ठरवलं की आधी सुलटं पक्कं करू, उलट्याचं परीक्षेच्या तोंडावर बघू. उलट्यातले शेवटचे दोन धडे महत्त्वाचे, असं सर वर्षभर सांगत होते. आम्ही वर्षभर मान हलवत होतो.

पेपरला पंधरा दिवस राहिले. पहिला आठवडा उलटं माझ्याकडे, दुसरा तिच्याकडे, असा करार. आठवडा संपला तेव्हा माझे तेच दोन धडे बाकी होते. मी घाबरले होते. पण घाबरणं हे काही कारण नव्हे, तीही घाबरलेलीच असणार. रविवार होता, कॉलेज नव्हतं, ती खास पुस्तकासाठी भर उन्हात आली होती. मी हात हलवत गेले आणि सांगितलं की खालाकडे, मावशीकडे, गेलते, पुस्तक तिथंच बोरी अरबला राह्यलं, उद्या आणते.

"होते वं कधी कधी," ती म्हणाली. मग तिने पिशवीतून सुलटं काढलं आणि माझ्यापुढे धरलं. "हे तं घेऊन जा. तुही उजळणी राह्यली असन."

मी घेतलं. खोटं बोलले ते एक वेळ समजता येतं, सुलटंही घेतलं ते नाही. ती रिकामी पिशवी घडी करून जीपमध्ये बसली.

उद्या म्हणता म्हणता पाच दिवस गेले. एका संध्याकाळी तिच्या भावाच्या नंबरवरून फोन आला. मी फोन वाजताना बघत बसले आणि वाजून बंद होऊ दिला. पेपरच्या दोन दिवस आधी मी दोन्ही भाग नेऊन दिले. माझं सगळं वाचून झालं होतं. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात ते हेच. ती म्हणाली, "दोन दिस हायेत ना, होऊन जाते."

पेपर जवळजवळ सगळा उलट्यातला आला. ती माझ्या दोन बाकं पुढे होती. तिचा हात थांबलेला मला दिसत होता, आणि माझा हात चालू होता.

निकाल लागला. मी सगळ्यांत पास. ती तेवढ्या एका विषयात गेली. एक विषय राहिला तरी दुसऱ्या वर्षाला बसता येतं, तो पेपर मागाहून देता येतो, हे समजावायला मी तांड्यावर गेले. तिच्या याडीने, म्हणजे आईने, चहा दिला. मी तिच्या वडिलांना कागदावर आकडे काढून सगळं नीट समजावलं. त्यांनी मला मध्येच तोडलं नाही, सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पास झाली का नापास?"

मी म्हटलं, नापास, पण...

"मंग झालं ना, बाई," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. त्यांच्याकडे दोनच शब्द होते आणि मी आणलेला तिसरा त्यांच्या कामाचा नव्हता. खरं तर माझ्याकडे सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट होती. पुस्तक माझ्याकडे होतं, मी लपवलं, चूक हिची नाही. हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. ती दाराला टेकून उभी होती, माझ्याकडेच बघत होती. मी चहा संपवला आणि कप खाली ठेवला.

त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, पुसदकडच्या एका तांड्यात. मी पुढे शिकले. शिकून काय दिवे लावले म्हणाल तर एका शाळेत तासावर शिकवते, संध्याकाळी शिकवण्या घेते. पण शिकले.

मागच्या हिवाळ्यात ती दिग्रसच्या बसस्टँडवर भेटली. माहेरी आली होती, सासू तिला न्यायला आली होती. उन्हाने रापलेली, वाळलेली, पण हसणं तेच. मला बघून तिला इतका आनंद झाला की मला तिच्याकडे बघवेना. तिने सासूला बोलावून माझी ओळख करून दिली, ही मॅडम झाली म्हणून. मग कॉलेजच्या गोष्टी निघाल्या.

"तुहं डोकंच तेज होतं वं," ती म्हणाली. "माह्या डोक्यात ते केमिस्ट्री शिरतच नव्हतं. तू कागद घेऊन बाले समजावाले आलती ना, तू गेल्यावर म्याच बाले म्हटलं, राहू द्या, मले नाई जमणार. कायले तुमचा पैसा घालवू?"

इतकी वर्षं मी समजत होते की तिच्या वडिलांनी तिला थांबवलं.

"तसं नाही वं," मी म्हटलं. "तू माझ्यापेक्षा हुशार होती."

ती खळखळून हसली. "मोठी झाली, पण गर्व नाई पाहा हिले," तिने सासूला सांगितलं. पुसदची गाडी लागली होती. मी तिच्या हातातली पिशवी घेतली, तिला गाडीत चढवून दिलं, आणि तिचा समज तसाच राहू दिला.