शिवण्याआधी वाचणाऱ्या बाई

कॉलेजच्या फाटकासमोर त्या प्रकल्पांचं बाइंडिंग करतात. शिवण्याआधी प्रत्येक पान वाचतात, म्हणून दुकानापुढे कायम रांग आणि कायम कुरकुर.

माझा प्रकल्प इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगारांवर होता. दहाव्या पानावर त्यांची सुई थांबली.

“ही मुलाखत गेल्या साली दुसऱ्याच्या प्रकल्पात शिवलीया मी. ह्या माणसाला तू भेटलायस व्हय?”

“सर सही करणार आहेत. तुमचं काय जातंय?” मी आवाज चढवला.

“सर करू देत की सही. मी न्हाय शिवणार. जा, भेटून ये त्याला.”

पानावर पत्ता होताच. रागारागानंच गेलो. दार त्याच्या बायकोनं उघडलं. तो सहा महिन्यांपूर्वीच वारला होता. माझ्या मुलाखतीवर तारीख मागच्या आठवड्यातली होती.