मिस्त्रींचा लाल फेटा

साखर कारखान्यात पाक शिजवायच्या आमच्या खात्यात शिरलं, की आधी दिसायचा तो खिळ्याला टांगलेला लाल फेटा. ज्याच्या हातून चूक होईल त्याने आपल्या पायांनी यायचं, चूक सांगायची आणि खात्याचे मुख्य शांतवन मिस्त्री यांच्याकडून फेटा बांधून घ्यायचा. पाळी संपेपर्यंत उतरवायचा नाही. चहाचा पहिला कप मात्र त्याचा. हा कायदा मिस्त्रींचाच.

महायुद्धाच्या दिवसांत कोपरगावकडच्या त्या कारखान्यात मी हंगामापुरता लागलो आणि आठव्याच दिवशी रसाच्या नळाचा कॉक उघडा ठेवला. रस गटारात! नोकरी गेलीच असं धरून मिस्त्रींपुढे उभा राहिलो. त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं.

"आरं नवरदेवा, समद्या मुंग्यांस्नी जेवान घातलंस, आन आमाला आवतान न्हाई व्हय?"

सगळं खातं हसलं. मीही हसलो. फेटा बांधता बांधता त्यांनी कॉक कसा तपासायचा तेही शिकवलं.

पुढच्या हंगामात नवे मॅनेजर आले. "हा कारखाना आहे, तमाशा नव्हे," म्हणत त्यांनी फेटा काढायला लावला आणि चुकेल त्याला घरी पाठवायची तंबी दिली. त्यानंतर खात्यात एकही चूक झाली नाही. म्हणजे, कुणी सांगितली नाही.

एकदा मिस्त्री भाकरी खायला गेले होते. तयार पाक वेळेवर खाली सोडायचं काम माझं. गप्पांच्या नादात मी विसरलो. तेव्हाच ओरडलो असतो तर गरम पाणी घालून पाक सैल करता आला असता. पण घरी जायच्या भीतीने गप्प बसलो आणि पाक भांड्यातच थिजून दगड झाला.

"कुणी केलं हे?" मॅनेजर गरजले.

परत आलेल्या मिस्त्रींनी आपल्या पेटीतून फेटा काढून स्वतःच्याच डोक्याला गुंडाळला. "म्या. ह्यो फेटा काढू दिला, ही चूक माजी. आता पैला चा मला पाजा, सायेब."

मला राहवलं नाही. पुढे होऊन मी चूक सांगितली आणि फेट्यासाठी डोकं वाकवलं. मॅनेजर आम्हा दोघांकडे बघत राहिले आणि शेवटी त्यांनाच हसू फुटलं. माझी नोकरी वाचली, फेटा खिळ्यावर परतला. आमच्या चुका पुन्हा वाढल्या आणि नुकसान घटलं.

म्हातारपणी मिस्त्री बेलापूरला मुलीकडे राहत. आजारी असल्याचं कळलं होतं, तरी जाईन जाईन म्हणत मी गेलोच नाही. गेलो तो थेट मातीला, खिळ्यावरचा फेटा बांधून. चर्चच्या आवारात लोक चमकून बघू लागले. आमच्या खात्यातल्यांनी मात्र काही विचारलं नाही. सगळं आटोपल्यावर चहा आला, तेव्हा त्यांच्यातल्याच एकाने पहिला कप माझ्या हातात ठेवला. तेव्हा मात्र मला रडू आवरलं नाही.