वंशावळीत नसलेली आत्या

वडिलांच्या मोठ्या आतड्यात चाळीसेक पॉलिप निघाले. अंगातलं रक्त कुठे जातंय हे शोधायला दुर्बीण घातली, तर आतल्या अस्तरावर जागोजागी कोंब फुटलेले. काही मसुराएवढे, काही देठावरच्या अळंबीसारखे. सगळे काढून तपासले. एकातही कॅन्सर नव्हता, पण सगळे त्या वाटेवरचे. "एका माणसात इतके उगाच उगवत नाहीत," असं म्हणून डॉक्टरांनी आम्हाला परळच्या त्याच हॉस्पिटलात जनुकांच्या ओपीडीत पाठवलं.

तिथल्या समुपदेशक मुलीनं नीट समजावलं. आतड्याच्या पेशींना 'आता वाढ पुरे' असं सांगणारं एक जनुक असतं. प्रत्येकाकडे त्याच्या दोन प्रती. वडिलांकडची एक जन्मतःच बिघडलेली. एखाद्या पेशीत दुसरीही बिघडली की तिथे पॉलिप उगवतो आणि तसाच राहिला तर काही वर्षांनी त्याचा कॅन्सर होऊ शकतो.

"म्हणजे दोन ब्रेक, त्यातला एक पहिल्यापासून फेल," वडील म्हणाले. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी बरीच वर्षं टेम्पो चालवला होता.

"अगदी तसंच, काका. आता घरातल्या माणसांची माहिती सांगा."

या प्रश्नाची वडील तयारी करून आले होते. त्यांनी पिशवीतून आमच्या गावमंडळानं छापलेली वंशावळ काढली. सात पिढ्या, लॅमिनेशन केलेल्या. मुलीनं ती वरपासून खालपर्यंत पाहिली.

"यात बायका कुठायत?"

"बायका त्यांच्या त्यांच्या घरी."

"मला त्याही हव्यात, काका. बिघडलेली प्रत मुलगा-मुलगी बघत नाही. प्रत्येक अपत्याकडे जायची शक्यता निम्मी."

तिनं कोरा कागद घेतला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. पहिला गोल माझा. छापील कागदावर मी नव्हते. बिघडलेली प्रत मात्र माझ्याकडे आली आहे, हे पुढे रक्ततपासणीत कळलं. माझे तीन छोटे पॉलिप काढले. आता दरवर्षी तपासणी असते आणि मी ठणठणीत आहे. आजोबाही गिरणीत होते, पोटाच्या दुखण्यानं गेले. कॉलेजात असताना मी त्यांच्यावर भित्तिपत्रक लिहिलं होतं, गिरणीनं मारलं म्हणून. गिरणीचे गुन्हे थोडे नाहीत, पण हा एक बहुधा तिचा नव्हता.

"तुम्हाला बहीण, काका?"

वडील खिडकीकडे बघायला लागले.

"आहे," मी म्हटलं. "शिवडीला."

आत्यानं कोळ्याच्या मुलाशी लग्न केलं, तेव्हा मी जन्मलेही नव्हते. तिचं नाव घरात निघत नसे. आईनं मला कुजबुजत सांगितलं होतं. आणि मी अक्षरं शिकले ती वडिलांच्या युनियनच्या पत्रकांवर. दर दुसऱ्या ओळीत समता! त्या दिवशी घोडपदेवला घरी पोचेपर्यंत मी त्यांना एकेक ओळ ऐकवली. घरी येऊन मी आत्याला पत्र लिहायला बसले. वडिलांनी खांद्यावरून वाचलं.

"आत्याला लिहितेस की मोर्चा काढतेस? ठेव ते. मी जातो."

"मी पण येते."

आत्या बाजारात मासळी विकायची. टोपलीसमोर जाऊन वडील नुसते उभे राहिले. तिनं वर पाहिलं, हातातली सुरी थांबली.

"पापलेट बघतोयस की मला?"

"तुला."

"मग बाजूला हो, गिऱ्हाईक अडतंय." गिऱ्हाईक गेल्यावर तिनं मला न्याहाळलं. "ही तुझी? नाक आपल्या आयेचं घेतलंय."

वडिलांनी अडखळत सगळं सांगितलं. आत्यानं ऐकून घेतलं आणि हात धुतले.

"तीस वर्षांनी आलास, दादा. आणि आणलंस काय, तर रोग!"

"रोग नाही गो, रोगाच्या आधीचं. आत्ता दिसलं तर काढता येतं."

"पोट कापून?"

"नाही," मी म्हटलं. "दुर्बिणीतूनच. तारेचा फास टाकून देठाशी."

"आणि नाही बघितलं तर?"

मी वडिलांकडे पाहिलं. ते म्हणाले, "तर बाबांसारखं."

लग्नाआधी, आजोबा गेले तेव्हा उशाशी आत्याच होती. तिनं टोपलीवर प्लास्टिक ओढलं. "कधी जायचंय?"

आदल्या दिवशी आतडं साफ करायचं औषध पिताना तिनं वडिलांना फोनवर शिव्या घातल्या. "हे पाणी आहे की खाडी?" तपासणीत एकोणीस पॉलिप निघाले. सगळे काढून तपासायला पाठवले; त्यातला एक द्राक्षाएवढा होता. रिपोर्ट येईपर्यंतचे आठ दिवस वडील रोज सकाळ-संध्याकाळ शिवडीला जात होते.

रिपोर्ट मी आत्याच्या घराच्या ओट्यावर बसून मोठ्यानं वाचला. मोठ्या पॉलिपमधल्या पेशी दाटीवाटीनं एकमेकींवर चढलेल्या, रांग मोडलेली, केंद्रकं मोठी आणि काळपट. बदल वरच्या दर्जाचा.

"वरचा म्हणजे चांगला?" आत्यानं विचारलं.

"नाही. म्हणजे कॅन्सरच्या दाराशी." वडिलांनी मान खाली घातली. मी पुढे वाचलं. "पण सगळं अस्तरातच, भिंतीत शिरलेलं नाही. देठाची कापलेली कड साफ."

"मराठीत सांग."

"पूर्ण निघाला, आत्या. आता फक्त ठरल्या वेळी दाखवत राहायचं."

तिनं माझ्या हातातला रिपोर्ट घेऊन घडी घातली. मग आतल्या खोलीत क्रिकेट बघत बसलेल्या मुलाला तिनं हाक मारली. "बंद कर ते. उद्या रक्त तपासायला जायचंय मामाबरोबर. आणि तुझ्या ताईला फोन लाव, तिलाही यायला सांग."

"कुठला मामा?" आतून आवाज आला.

"हा बसलाय तो. पाया पड नि पाट मांड त्याला."

वडिलांनी तिसऱ्यांदा भात मागून घेतला तेव्हा आत्या म्हणाली, "पुरे रे, आतडं आहे ना शिल्लक?" आणि वाढला.