रंभावहिनीचा बारीक आवाज

सोमाजी घुग्घुसच्या कोळसा खाणीत ड्रिल मशीनवर होता आन मी डंपरवर. आता दोघंही रिटायर. घरं एकाच गल्लीत. अख्ख्या घुग्घुसात त्याच्यासारखा एकटा माणूस मी पाह्यला नाई, आन तोही घरात बायको असून.

गल्लीतल्या बाया त्याले घमेंडी म्हणत. पुरुषानं हाक मारली की हा लगेच वळे, बाईनं मारली की खुशाल पुढं चालू लागे. मोठा साहेब लागून गेला, बायांशी बोलाले याले कमीपणा वाटते, असं माह्या तोंडावर ऐकवत. मी तापट माणूस. दोन-तीन घरांशी भांडलो मी या बाप्पासाठी. माहा आवाज म्हणजे फाटका ढोल, माह्याशी तो घंटा घंटा बोलत बसे. पण त्याच्या घरात पाय ठेवला की सारं मुकं. रंभावहिनी चुलीपाशी, हा ओसरीवर. ताटात भाकर यायची, भाजी यायची, शब्द यायचा नाई.

एक दिवस मी त्याले खडसावलंच. तर हा मलेच सांगते, का ते माह्याशी बोलतच नाई, नुसती पुटपुटते. शिव्या देत असन. जरा मोठ्यानं बोल म्हटलं तर किंचाळते, आन त्यातही धड शब्द नाई. वहिनीले विचारलं तर तिचं भलतंच. म्हणे, मी बोलू बोलू थकली, पालथ्या घड्यावर पाणी. पोरगी लग्न होऊन नागपूरले गेली तशी या घरात दोन माणसं उरली, आन दोघंही आपापल्या जागी एकटे. माहा जीव तुटायचा.

या पावसाळ्यात वहिनीनं पिशवी भरली. पोंभुर्ण्याले भावाकडं, धानाच्या रोवणीले. आन तिकडंच राहीन म्हणाली, भावाच्या घरची ढोरंही हाकेले मान वळवतात. सोमाजी दारात उभा होता, त्यानं अडवलं नाई. तिले मी नकोच होतो, येवढंच म्हणाला. मग रोज मी त्याच्यासाठी डबा नेऊ लागलो. अर्धा डबा तसाच परत यायचा. माणूस असा वाळत जाते हे मी पहिले पाह्यलेलं होतं, म्हणून मले भेव वाटे.

असेच एका सांजीले त्याच्या ओसरीवर बसलो होतो. पाऊस उघडलेला, आन रातकिडे असे ओरडून राह्यले होते की माहं डोकं भणाणलं. तेवढ्यात सोमाजी म्हणाला, "धनराज, या धुळीनं सारे रातकिडे मारले बे. लहानपणी किती ओरडत."

मले वाटलं मस्करी करते. त्याच्या तोंडाकडं पाह्यलं, तर नाई. दूर सायडिंगवर कोळशाची गाडी गुरगुरली, ते त्याले माह्याआधी ऐकू आली. आन हे चहूबाजूनं चाललेलं किर्र किर्र त्याच्या लेखी नोहतंच.

दुसऱ्या दिवशी त्याले ओढत चंद्रपूरले कानाच्या डॉक्टरणीकडं नेलं. तिनं तपासलं आन समजावलं. आवाज म्हणजे हवेची थरथर. ढोलाची थरथर सावकाश, तिच्या लाटा लांब. रातकिड्याची भलती जलद, लाटा आखूड. कानात आत खोल शंखासारखी नळी असते, तिच्यातले बारीक केसं ही थरथर धरतात. बारीक आवाजाचे केसं त्या नळीच्या पार दाराशी, जाड आवाजाचे आत दूर. गोंगाटात दाराशी असलेले पहिले मरतात. मले लगेच समजलं. ढोरं शेतात घुसली की धुऱ्याजवळचं, काठाचं धान पहिले तुडवल्या जाते. बोलण्यातले स, त, च हे सारे बारीक. जाड आवाजाच्या माणसाचं बोलणं त्याले अंदाजानं समजे, वहिनीच्या बारीक आवाजाचा नुसता गुणगुणाट. आन ते चिडून ओरडली की आवाज आणखीनच बारीक.

मेलेलं परत उगवत नाई, डॉक्टरीण म्हणाली. कानाले मशीन लावा, थोडं बरं वाटन. घरच्यांनी ओरडू नये, समोर येऊन जाड आवाजात बोलावं.

बाहेर आल्यावर मी त्याच्यावर असा खवळलो की रस्त्यावरचे लोक पाहू लागले. खाणीत कानात घालाले रबराची बोंडं भेटत होती, आन हा ते खिशात ठेवत होता. म्हणे, ड्रिल बिघडली तर पहिले कानालेच समजते, कान बंद करून कसं चालन. काय बोलावं अशा माणसाले. तसाच बसमध्ये बसवला आन पोंभुर्ण्याले घेऊन गेलो.

रंभावहिनी धानाच्या बांधीतून आलती, पोटऱ्यापर्यंत चिखल. मी सारं सांगितलं. तर तिनं मलेच विचारलं, "म्हणजे भाऊ, मी इतके वर्सं बोलली ते कुठी गेलं?"

डॉक्टरणीले मी हेच विचारलं होतं. आवाज पसरत पसरत विरते आन हवेत, भिंतीत जराशी ऊब होऊन संपते, असं ते म्हणाली होती. वहिनीले हे सांगायची माही हिंमत झाली नाई.

ते सोमाजीच्या समोर जाऊन उभी राह्यली. गळा दाबून, गड्यासारखा जाड आवाज काढून बोलली, "जेवले काय?"

सोमाजीनं मान वर केली. तिच्या तोंडाकडं पाहत राह्यला, मग लहान पोरासारखा रडाले लागला.

"समजलं," तो म्हणाला. "पण हा तुहा आवाज नोहे."

"तो आता मलेच ऐकू येईन," वहिनी त्याच जाड आवाजात बोलली. मग पाय धुतले आन आत जाऊन पिशवी भराले लागली.